पाठमोरी सुगंधा

सुगंधा,

तुला माती देऊन आल्यावर पहिल्यांदा वाचनालय उघडलं, तेव्हा पंखा लावून टेबल पुसतेय तोवरच एक बाई आत आल्या. मुरबाडला नव्याने राहायला आलेल्या. "तो सिनेमा आला होता ना, त्याचं पुस्तक आहे का हो तुमच्याकडे? 'काताचा रंग'?" मी कपाटातून काढून दिलं. नवी आवृत्ती, मुखपृष्ठावर सिनेमातली चिमी. बाईंनी उभ्या उभ्याच ते चित्र न्याहाळलं आणि म्हणाल्या, "काय काम केलंय नाही हिनं? ओळखूसुद्धा येत नाही, इतकी काळी केलीय."

मी सही घेतली, पुस्तक हातात दिलं. तुझं नाव अगदी तोंडाशी आलं होतं. पण त्यांना सांगणार काय, आणि सुरुवात कुठून करणार? त्या गेल्या आणि मी खुर्चीत बसून राहिले. समोरच्या बाकावर तू असायला हवी होतीस. "सांगायचं ना ताई, बोलायला काय पैसं पडतात?" असं काहीतरी म्हणाली असतीस.

तू पहिल्यांदा आलीस ती अंगणवाडीच्या मिटिंगनंतर. वैशाखरे गावाच्या वरच्या वाडीतली मदतनीस, सासर सोडून आईकडे परत आलेली, हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त दारात चपला काढून उभी राहिलेली एक बाई दिसली. "इथं पुस्तकं वाचाय देतात म्हणं. आमाला पण देतात का?" मी म्हटलं, चपला घालून आत ये आधी, फरशी गार आहे. तू आलीस, पण चपला बाहेरच ठेवल्यास. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली, आणि शाळा सुटल्यापासून छापलेलं काही हाताला लागलं नव्हतं. पहिले काही महिने जे देईन ते वाचून आणायचीस. मग एकदा मी मुद्दाम तुला 'काताचा रंग' दिली.

मुद्दाम, कारण मला ती कादंबरी आमच्या मुलखावर लिहिलेली सगळ्यात खरी गोष्ट वाटायची. अजूनही वाटते, तुला सांगून ठेवते. लेखक तरुणपणी भातसानगरला धरणावर नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी वाड्यावाड्यांतून पायी हिंडायचा. खैराच्या लाकडाचा कात काढणारे म्हणून कातकरी, आणि त्या काताचाच रंग अंगावर घेऊन जन्मलेली चिमी. ती मुरबाडकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी भांडी घासायला लागते. मालकिणीची पुतळ्यांची माळ हरवते. चिमीचा रंग आणि चिमीची जात, एवढ्या पुराव्यावर गाव तिला अंगणातल्या खांबाला बांधतं. ती एक शब्द बोलत नाही. सोडल्यावर ती सरळ नदीकडे चालत जाते. माळ मालकिणीच्याच पेटीत सापडते, आणि शेवटच्या पानावर गाव भाताच्या कापणीला लागतं. त्या कापणीच्या ओळींशी आले की दर वेळी मी पुस्तक मिटून ठेवते. मीही अशाच एका शेतकरी घरातली. त्या अंगणात कोण कुठे उभं असेल, हे मला न सांगता कळतं.

तू पुस्तक परत आणलंस. मी विचारलं, कसं वाटलं?

"चांगलं लिवलंय. रडाय आलं."

"आणि?"

"आणि काय नाय. पण ह्या मानसाला आमचा रंग लय दिसतो गो ताई. चिमीची पाठ काळी, चिमीचं पाय काळं, हसली तर काळ्यात पांढरं. मालकिणीचा रंग कुठं लिवलाय? मी शोधला. नाय घावला."

मी म्हटलं, अगं, तो गावाची नजर दाखवतोय. गावाला चिमीचा रंगच तेवढा दिसतो, हेच तर त्याला सांगायचंय.

"बरं. मग चिमीची नजर कुठाय?"

मी म्हटलं, तिचं गप्प राहणं हीच तिची नजर. तू हसलीस. "आमच्या वाडीत या एकदा. गिरणीच्या रांगेत दळणाची पिशवी हलवली तरी बाया काय काय शिव्या देतात, आयका. खांबाला बांधलेली बाई गप्प राहील होय?"

त्या दिवशी मी थोडी चिडले होते. लेखक असा वरवर वाचायचा नसतो, वगैरे बोलले. तूही मागे हटली नाहीस. पण पुढच्या मिटिंगनंतर परत आलीस आणि म्हणालीस, दुसरं काय हाय? आपली मैत्री खरं तर तिथून सुरू झाली. माझ्याशी इतक्या आनंदाने भांडणारं मुरबाडात दुसरं कोणी नव्हतं.

मग सिनेमावाले आले. माळशेजच्या पायथ्याशी त्यांच्या गाड्या लागल्या, वाडीत जाऊन बायका निवडू लागले. तू त्यांना सांगितलंस, मी हे पुस्तक वाचलंय. दिग्दर्शक चकित झाला. त्याने तुला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, चालायला लावलं, चिमीचं एक बोलणं म्हणायला लावलं. तू तेव्हा मला फोन केलास. आवाज इतका उंच होता की मी फोन कानापासून लांब धरला. "ताई, ते म्हणतात चेहरा बोलका हाय!"

त्यानंतर बरेच दिवस फोन नाही. मग एका दुपारी तू आलीस, बाकावर बसलीस, पाणी प्यायलीस.

"हिरोइन मुंबईची घेतलीय," तू म्हणालीस. "गोरी हाय. काळी करणार हायत तिला."

"आणि तू?"

"मी तिला शिकवायची. कसं बसायचं, मोळी कशी उचलायची, कसं बोलायचं. आणि लांबून दिसायचं असंल तिथं मी उभी राहायची. पाठमोरी. हातपाय जवळून दाखवायचे असतील तरी माझेच." मग पेला खाली ठेवून, "म्हणाले, तुझा चेहरा चांगला हाय, पण पब्लिक बघाय येनार नाय."

मी म्हटलं, जाऊ नकोस. तू म्हणालीस, जाणार. वीटभट्टीपेक्षा बरं. आणि मला बघायचंय, कसं करतात ते.

कसं करतात ते तू नंतर सांगितलंस, तेव्हा हसू आवरत नव्हतं तुला. रोज सकाळी मेकअपवाला तुझा हात पुढे घ्यायचा. वाटीत रंग कालवायचा, तुझ्या मनगटावर एक बोट ओढायचा, बघायचा, परत कालवायचा. तुझ्या कातडीत रंग मिसळून दिसेनासा झाला की तोच हिरोइनला लावायचा. "पण उनात राहून मी अजून करपले ना ताई, मग त्याला सगळं परत करावं लागायचं. वैतागला. मला म्हणतो, ताई, तुम्ही जरा सावलीत बसत जा. आवणी, कापणी, भट्टी, सगळं झालं माझं. जल्मात पहिल्यांदा कोणी सावलीत बस म्हणलं, ते रंगासाठी!"

हसता हसता तुझे डोळे ओले झालेले मी पाहिले. तू लगेच विषय बदललास. पोरगी चांगली हाय गो, म्हणालीस. मोळी उचलताना पडली, पण परत उठून उचलली. आपल्या डब्यातलं मला द्यायची. तिचा काय दोष?

खांबाचा प्रसंग त्यांनी एका जुन्या घराच्या अंगणात घेतला. दोरीने त्या पोरीच्या मनगटांवर वळ उठले, म्हणून पाठीमागून घ्यायचं सगळं तुझ्यावर घेतलं. तुला बांधलं. गावातली माणसं भोवती उभी केली, खरीखुरी, आजूबाजूच्या गावांतली, आपापल्या कपड्यांत. त्यांच्यात दोनतीन जण तुझ्या ओळखीचे होते. एकाच्या शेतात तू आवणीला, भाताची रोपं लावायला, गेली होतीस. दिग्दर्शक ओरडला, सगळ्यांनी तिच्याकडे बघा, रागाने बघा. आणि ते बघायला लागले.

"आधी वाटलं नाटक हाय," तू मला सांगत होतीस. "मग बांधलेले हात दुखाय लागले. आणि ते सगळे बघत होते ना, ताई, ते मला नाटकातलं नाय वाटलं. तसंच बघतात ते. बाजारात पण तसंच बघतात. मग माझं तोंड सुटलं."

तू शिव्या दिल्यास. मराठीत नाही, तुमच्या घरच्या बोलीत, जी तू आईशी बोलायचीस आणि जी त्या अंगणात कोणालाच कळत नव्हती. खांबाला, दोरीला, त्या शेतवाल्याला, चिमीच्या मालकिणीला, लेखकाला, दिग्दर्शकाला. एकेकाचं नाव घेऊन. कॅमेरा चालू होता. संपल्यावर दिग्दर्शक धावत आला. "ताई, काय सुंदर! खांदे काय थरथरत होते! आवाज आपण काढून टाकू, तिथं बासरी टाकू."

तो सिनेमा आपण तिघींनी कल्याणला जाऊन पाहिला. तू, तुझी आई आणि मी. वाडीत येऊन दाखवू असं ते म्हणाले होते, पण आले नाहीत. तुझ्या आईने थिएटरात पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं. खुर्ची आपोआप मिटते म्हणून ती बराच वेळ पुढे सरकून, काठावर बसली होती. पडद्यावर भातसाचं पाणी आलं, मग आपला डोंगर आला, तेव्हा तिने माझा हात दाबला. हिरोइन दिसली तेव्हा तिने विचारलं, "ही कोण?" तू म्हणालीस, चिमी. "कोणाची?" तू म्हणालीस, "कोणाची नाय गो, बघ गप."

मग तो प्रसंग आला. पडदाभर तुझी पाठ. गुडघ्यावर आलेलं लुगडं, खांबामागे ओढलेले हात, आणि हलणारे, उसळणारे खांदे. बासरी वाजत होती. थिएटर शांत झालं. आपल्या मागच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं आणि हळूच म्हणालं, "बिचारी, कशी रडतेय बघ."

आणि तुझी आई मोठ्याने हसली. सगळ्या थिएटरात ऐकू जाईल अशी. "कोनाला शिव्या देतेस गो एवढ्या?"

लोकांनी शुक शुक केलं. तू तोंडावर पदर धरलास. मला वाटलं हसतेयस. मग पाहिलं, तर तू हसत होतीस आणि नव्हतीसही. तोंड दिसत नाही, आवाज नाही, वर बासरी, आणि तरी तुझ्या आईला नुसत्या पाठीवरून कळलं होतं. तिथे बसलेल्या एवढ्या लोकांत एका माणसाला चिमीचं बोलणं ऐकू आलं. पुढे एका वर्तमानपत्रात त्या प्रसंगाबद्दल लिहून आलं, की नायिकेने चेहरा न दाखवता केवळ पाठीतून मूक आक्रोश उभा केला. मी ते कात्रण तुला दाखवलं. 'मूक' या शब्दावर बोट ठेवून तू इतकी हसलीस की बाकावरून घसरलीस.

पुस्तकातली चिमी नदीकडे जाते. सिनेमातल्या चिमीला मालकाचा शहरात शिकणारा धाकटा मुलगा येऊन सोडवतो. तो दोरी कापतो, तिचा हात धरतो, सगळ्या गावाला भाषण देतो, माणूस रंगावरून ठरत नाही असं सांगतो. गाव खाली मान घालतं. मालकीण रडते. थिएटरात टाळ्या पडल्या. तूही वाजवल्यास. मी तुझ्याकडे बघत राहिले.

बाहेर पडल्यावर मी रागाने बोलत सुटले. सगळा जीव काढून घेतला म्हटलं कादंबरीचा. तिथं कोणी वाचवायला येत नाही, हीच तर गोष्ट आहे. आता गावाला मान खाली घालायला मिळाली, दोन आसवं गाळायला मिळाली, मोकळं झालं गाव. आणि वाचवणारा कोण, तर तोच मालकाच्या घरातला, गोरागोमटा. तू माझ्या शेजारून चालत होतीस, आईचा हात धरून. स्टँडवर आलो तेव्हा एवढंच म्हणालीस, "मेली तर नाय ना ती."

त्या थंडीत म्हसा गावच्या जत्रेत आपण पुन्हा भांडलो. बैलांच्या रांगांमधून वाट काढत, घोंगड्यांच्या दुकानांपाशी. तू आईसाठी घोंगडी बघत होतीस, लोकर बोटांनी चिमटून. मी म्हटलं, तुला खरंच तो शेवट आवडला?

"तो पोरगा नाय आवडला. लय बोलतो. पण चिमी जगली, ते आवडलं."

"पण ते खोटं आहे."

"तुमाला गाव सुटला त्याचा राग येतो, ताई. मला चिमी सुटली त्याचं बरं वाटतं. आपण दोघी येगळ्याच मानसाकडं बघतोय."

मला अजून वाटतं की त्या पुस्तकातला मृत्यू गावाच्या मानेवर बसून राहतो आणि तो तसाच बसला पाहिजे. पण गावाच्या मानेवर काहीतरी बसावं म्हणून दर वेळी चिमीनंच का मरायचं, हा तुझा प्रश्न होता आणि तो तू बरोबर धरला होतास. घोंगडीवाला वैतागून आपल्याकडे बघत होता. तू म्हणालीस, "पुस्तकात मारली, सिनेमात वाचवली. जगली असती तर तिनं सोता काय केलं असतं, ते कोणीच नाय लिवलं."

"काय केलं असतं?"

"हाय माझ्या डोक्यात. सांगीन. आज नाय, आज तुमी पुस्तकाचीच बाजू घ्याल."

मी पुष्कळदा विचारलं. तू दर वेळी टाळलंस. एकदा म्हणालीस, अजून शेवट जमत नाय. म्हणजे तू ती गोष्ट मनात रचत होतीस. कोणाला सांगितलीस का ती, सुगंधा? वाडीतल्या बायकांना, भट्टीवर, कोणाला तरी? मी तुझ्या आईला विचारलं. तिला माहीत नाही.

शहापूरला त्या हिरोइनचा सत्कार झाला, तेव्हा तू मला ओढून घेऊन गेलीस. आपण मागे बसलो. ती बोलली, की या भूमिकेसाठी मी काही महिने कातकरी म्हणून जगले. तू माझ्या कानाशी लागलीस, "मी पन जगते. मला शाल नाय दिली कोणी." पण कार्यक्रम संपल्यावर ती पोरगी गर्दीतून वाट काढत तुझ्याकडे आली, तुला मिठी मारली, आणि तिचे डोळे भरून आले. परतीच्या एसटीत तू खिडकीबाहेर बघत होतीस. "ती खरंच रडली ताई," म्हणालीस. "कशाला रडली, ते तिला पन कळलं नसंल."

या पावसात तू लोकांच्या शेतांवर आवणीला गेलीस, दर वर्षीसारखी. पोटऱ्यांपर्यंत चिखलात. मग ताप आला. आईने तुला तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात आणलं. मी तेव्हा तिथे नव्हते. तुझ्या आईने मला सांगितलं ते असं. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा आहे, सलाईन लावू. आई म्हणाली, "डॉक्टर, पोरीचा रंग येगला दिसतोय." तो हसला. "आजी, तिचा रंगच असा आहे. आणखी काय वेगळा होणार?" आई म्हणाली, "नाय, मी तिची आई हाय. रंग उतरलाय हिचा." त्याने मान हलवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तुझी पापणी एकदाही ओढून पाहिली नाही. सलाईन संपलं, तुम्ही घरी गेलात.

जन्मभर ज्याला त्याला तुझा रंग दिसला. बाजारात दिसला, लेखकाला दिसला, मेकअपवाल्याने बोटाने तपासून पाहिला. आणि ज्या दिवशी तो खरोखर बघायला हवा होता, त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या त्या शिकलेल्या माणसाने बघितलं आणि म्हणाला, असाच आहे. हे लिहिताना माझ्या तोंडून त्याला शिव्या निघतायत. बासरी लावायला इथं कोणी नाही.

शेजारणीच्या मोबाइलवरून तुझ्या आईचा फोन आला. "बाई, ती पानी पन ठेवीना पोटात. लघवी लाल होते." भावाने जीप काढली आणि आम्ही आलो. दुपार होती, पाऊस उघडला होता. तुला दाराशी उजेडात बसवलं होतं, भिंतीला टेकून. मी तुझ्या डोळ्याखालची कातडी ओढली. डोळा हळद लावावी तसा पिवळा. तू म्हणालीस, "ताई, चप्पल घालून आत आल्यात," आणि हसायला बघितलंस.

कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तू मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून होतीस. मी पुढून वळून बघत होते. वाटेत तू आईशी बोलत होतीस, तुमच्या घरच्या बोलीत, हळू, थांबत थांबत. मला मधला एखादाच शब्द कळत होता. एकदा आई म्हणाली, "हां गो," आणि परत "हां." मग रायते गावाजवळचा पूल आला आणि आई काहीच म्हणाली नाही. मी वळून बघितलं. ती तुझ्या केसांवरून हात फिरवत होती, खिडकीबाहेर बघत. तिला आधी कळलं होतं.

तरी आम्ही गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आणि मग तुझ्या पापण्या वर करून बघितल्या. "कावीळ इतकी चढेपर्यंत कोणाच्या लक्षातच आलं नाही?"

"माझ्या आलं," तुझी आई म्हणाली. "मी सांगितलं होतं."

तुझ्या आईचा आवाज चढला नव्हता. तिने एवढंच सांगितलं, आणि तुझं लुगडं पायांवर नीट केलं.

तू तिच्याशी वाटेत काय बोललीस, ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. ते तुमच्या बोलीत होतं.

दिवसकार्याआधी आई म्हणाली, फोटो पाहिजे, भिंतीला लावायला. तुझा फोटो म्हणजे एक आधार कार्डावरचा, आणि एक माझ्या मोबाइलमध्ये, जत्रेतला. खांद्यावर घोंगडी टाकलेली, उन्हाने डोळे बारीक झालेले, कशाला तरी हसतेयस. मी तो बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओत दिला. मोठा करून, काचेत बसवून घ्यायला. दोन दिवसांनी घेऊन वाडीत आले, कागद सोडला. बायका जमल्या होत्या. मागे निळं आभाळ, कोपऱ्यात गुलाबाची फुलं. आणि मध्ये एक बाई, गव्हाळ, गुळगुळीत, ओठ गुलाबी, तुझ्यासारखं हसणारी. एक जण म्हणाली, "काय छान दिसते!" तुझ्या आईने फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला. खूप वेळ बघितला.

"दिसते छान," ती म्हणाली. "पन ही कोनाची?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर खाली आली. स्टुडिओवाला माणूस वाईट नव्हता. त्याने आईला खुर्ची दिली, पाणी विचारलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आमी सगळ्यांचंच करतो. गेलेलं मानूस जरा उजळ केलं की घरच्यांना बरं वाटतं. काळं ठेवलं तर भांडाय येतात." मी म्हटलं, जशी होती तशी करा. त्याने कॉम्प्युटर लावला, निळं आभाळ काढलं, फुलं काढली. जत्रेतल्या बैलाचं एक शिंग तुझ्यामागे परत आलं. मग तो तुझ्या चेहऱ्याकडे वळला. रंग थोडा गडद केला आणि विचारलं, "एवढा?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. इतकी वर्षं तू माझ्यासमोर बसलीस, तुझ्या रंगावर मी तुझ्याशी एवढी भांडले, आणि एवढं की अजून थोडं, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येईना. तुझी आई खुर्चीतून उठली. स्टुडिओवाल्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"आनखी," ती म्हणाली.

त्याने केलं.

"आनखी."

"आजी, आता छापल्यावर फार काळी येईल."

"येऊ दे. कर."

तो करत गेला. ती पडद्याकडे बघत होती, पापणी न हलवता, भात शिजलाय का बघताना बघते तशी. मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब." आणि तिथे तू होतीस. नाकाच्या शेंड्यावर ऊन होतं. डोळे बारीक होते. मला तुझा आवाज ऐकू येईलसं वाटलं.

त्याने प्रिंट काढली, काचेत बसवली, वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला. तुझ्या आईने कागद बाजूला सारला. तिने फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरला, तुझं तोंड लोकांकडे करून, आणि दुकानातून बाहेर पडली. बाजाराचा दिवस होता. भाजीवाले, जीपवाले, शेतावरून आलेली माणसं, ज्यांच्याकडे तू आवणीला गेली होतीस तीही. लोक बघत होते. ती कोणासाठी बाजूला झाली नाही. एसटी स्टँडपर्यंत रस्त्याच्या मधोमध चालत गेली, आणि मी तिच्या मागून.